आडपाळी

१ जानेवारी १९९८, गुरुवार

दिलीपला कंपनीत डायरी मिळाली. त्याने ती मला दिली. म्हणाला, "आबा, दिवसभर विचार करत बसता, त्यापेक्षा लिहा." निळं कव्हर, आत सोनेरी फीत. इतक्या चांगल्या कागदावर काय लिहायचं असतं ते मला माहीत नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पण अक्षर बरं आहे. गोदीत आमच्या टोळीत बरीच वर्षं लिहिता-वाचता येणारा मी एकटाच होतो. चौदा जणांची गावाकडची पत्रं जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्याने वाचायचो. कोणाचं पत्र खाजगी नव्हतं. कोणाची म्हैस व्यायली, कोणाच्या बायकोने काय टोमणा मारला, सगळ्यांना सगळं ठाऊक.

माझी बायको भीमाबाई गेल्यावर दिलीप मला मुंबईहून इथे गुडगावला घेऊन आला. त्याला दीड वर्ष झालं. चौथा मजला. आज धुक्यात समोरची इमारत दिसली नाही. दिसली असती तरी ती अजून अर्धीच बांधलेली आहे. पाण्याचा टँकर नऊला आला. गॅस बंद आहे का ते दोनदा पाहिलं.

११ जानेवारी, रविवार

दिलीपच्या कंपनीतला यतीन नावाचा मुलगा आला होता. पुण्याचा, दिल्लीत मुनिरकाला भाड्याने राहतो. त्यांची कंपनी सरकारला सल्ला देते. सध्या देशातली बंदरं कशी सुधारायची यावर मोठा रिपोर्ट चालला आहे. दिलीप त्यात मुख्य आहे. यतीनने टेबलावर छोटा टेपरेकॉर्डर ठेवला. म्हणाला, "काका, आम्ही सगळे इथे बसून बंदरांवर लिहितोय, आणि समुद्र बाराशे-चौदाशे किलोमीटर लांब. तुम्ही बत्तीस वर्षं आत होतात. तुम्हीच सांगा."

काका म्हणाला ते बरं वाटलं. इथे लिफ्टवाल्यापासून सगळे अंकल म्हणतात.

तो सांगत होता की आपल्याकडे बोट आठ-आठ दिवस बाहेर नांगर टाकून उभी राहते, जागा मिळून आत आली की माल उतरायला आणखी नऊ दिवस. सिंगापूरला तेच काम दीड दिवसात. मी म्हटलं, तिथे क्रेन चांगली असेल. आमची क्रेन माझ्या लग्नाच्याही आधीची होती. आणि तळाला गाळ एवढा, की मोठी बोट भरतीची वाट बघत राहायची. त्याने लिहून घेतलं.

मग विचारलं, "एका टोळीत माणसं किती?"

"चौदा."

"आणि चौदाही एका वेळी काम करतात?"

तेवढ्यात सूनबाई पोहे घेऊन आली. मी हो म्हटलं. मुलगा पोहे खायला लागला. पण तेव्हापासून मला चैन नाही. खोटं बोललो हे बरोबर केलं का? आणि त्याने नेमकं तेच का विचारलं?

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

क्षिप्राने तिळगूळ दिला आणि म्हणाली, "आजोबा, गोड गोड बोला, बस." नऊ वर्षांची आहे. "बस" हे तिचं.

डायरीत लिहायला हरकत नाही. डायरी कोण वाचतं?

आमच्या टोळीत कागदावर चौदा आणि बोटीच्या पोटात सात. सात जण दोन तास खाली, सात जण वर डेकवर. मग उलट. याला आम्ही आडपाळी म्हणायचो. कधी सुरू झाली ते मला माहीत नाही. गंधकाच्या बोटींवर झाली असं जुने सांगायचे. गंधक फावड्याने ओढताना डोळ्यांतून पाणी नाही, काहीतरी दुसरंच येतं. आठ तास त्यात कोणी टिकत नाही. दोन तास खाली, दोन तास हवा, असा माणूस टिकतो.

नवीन माणूस लागला की तांडेल, म्हणजे टोळीचा मुख्य, त्याला विंचवर, म्हणजे माल वर ओढायच्या यंत्रावर, हात ठेवायला लावायचा आणि म्हणायचा, "आडपाळी ऑफिसात न्यायची नाही." बस, एवढंच. मीही हात ठेवला. पुढे मी तांडेल झालो तेव्हा तात्यारावचा हात माझ्या हाताने धरून विंचवर ठेवला. बर्फासारखं गार लोखंड होतं, तो म्हणाला, "काय देवाला शिवल्यागत करतोस." आता माझ्यामागे तोच तांडेल आहे. माझ्या जागी भाचा गुणवंत लागला, त्याचा हात तात्यारावने ठेवला असणार.

१८ जानेवारी, रविवार

आज सांगितलं.

यतीन पुन्हा आला होता. मी तेच चौदा-चौदा म्हणत होतो. दिलीप हसला आणि म्हणाला, "काय आबा! मी शाळेतून डबा घेऊन यायचो तेव्हा तुम्ही डेकवर ताडपत्रीखाली झोपलेले असायचात. अर्धे वर, अर्धे खाली. मला नाही का माहीत?"

मीही हसलो. त्याला माहीतच होतं तर मग लपवायचं काय? मी सूनबाईकडून काड्यापेटी मागून घेतली. चौदा काड्या टेबलावर मांडल्या. सात इकडे, सात तिकडे. दोन तासांनी या तिकडे, त्या इकडे. यतीनला फार आवडलं. "क्या सिस्टम है यार," असं दिलीपला म्हणाला. नाव विचारलं. आडपाळी, मी सांगितलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं.

मग मला ती स्टीलची गोष्ट सांगायची होती. एकाहत्तर साली पत्र्यांचा झेला, म्हणजे क्रेनला टांगलेला गठ्ठा, दोरातून सुटला आणि खालचे तिघे अडकले. वरचे सात शिडीवरून धावत उतरले, पहारीने पत्रे उचलले. तिघेही जगले. वर कोणी नसतं तर कोणाला हाक ऐकू आली असती? मी सुरू केलं, तेवढ्यात टेप खटकन थांबला. कॅसेट संपली होती. यतीन म्हणाला, "काका, ही स्टोरी मस्त आहे, पण आपण जरा ऑपरेशनलवरच राहू. म्हणजे काम एका वेळी सात जण करतात, बरोबर?"

"बरोबर, पण"

"बस, एवढंच हवं होतं."

जाताना त्याने काड्या गोळा केल्या. सात पेटीत भरल्या, उरलेल्या सात टेबलावर राहिल्या. त्या मी भरल्या.

मी ऑफिसात नेली नाही. जेवणाचं टेबल म्हणजे ऑफिस नाही. आणि दिलीप माझा मुलगा आहे. घरच्या माणसाला सांगितलं तर ते मोडत नाही. असं मला वाटतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दिलीपने ऑफिसात नेलं. नवीन कोट घातला होता, बाह्या लांब आहेत. मोठी खोली, लांब टेबल, आठ-दहा साहेब. मला पुन्हा काड्या मांडून दाखवायला सांगितलं. मी हिंदीत सांगितलं, बत्तीस वर्षं मुंबईत काढली तरी माझी हिंदी गोदीचीच. एक पंजाबी साहेब म्हणाला, "बाऊजी, कमाल है! हम दो साल से ढूँढ रहे हैं कि टाइम जाता कहाँ है." सगळे हसले. मीही.

आपको क्या सुधार चाहिए, असं विचारलं. मी तीन गोष्टी सांगितल्या. डेकवर पिण्याच्या पाण्याचा नळ. गंधकाच्या बोटीला नाकावर बांधायला चांगलं कापड. वर बसणाऱ्यांना सावली. सगळ्यांनी माना हलवल्या. मला शाल दिली. शाल चांगली आहे, लोकरीची.

परत येताना गाडीत एकदम ध्यानात आलं की आज ते ऑफिसच होतं. दिलीपला म्हटलं नाही. तो फोनवर बोलत होता.

१ मार्च, रविवार

दिलीपने तुघलकाबादचा कंटेनर डेपो दाखवायला नेलं. "आबा, दिल्लीतली गोदी बघा." समुद्र नाही, आणि गोदी आहे. मुंबईकडून मालगाडीने लोखंडी पेट्या येतात, बंद, सीलसकट. क्रेन एक पेटी उचलते, ट्रकवर ठेवते, ट्रक जातो. मी घड्याळ लावून बघितलं, एका पेटीला चार मिनिटं. आत काय आहे ते क्रेनवाल्याला माहीत नाही. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "मुझे क्या करना है जी."

एका पेटीला हात लावून वास घेतला. काही वास नव्हता. इतक्या पेट्यांत एकाही माणसाला वाकावं लागत नव्हतं. चांगलंच आहे ते. कंबर वाचते. मग माणसं कुठे गेली, असं दिलीपला विचारलं. तो म्हणाला, "कुठली माणसं?"

१९ एप्रिल, रविवार

रिपोर्ट छापून आला. जाड, गुळगुळीत. सगळा इंग्रजी. क्षिप्राला म्हटलं, मला दाखव. तिने पानं उलटली आणि ओरडली, "आजोबा, यहाँ आडपाली लिखा है! ये क्या होता है?"

तिरक्या अक्षरांत होतं. वर चित्र. चौदा माणसं काढली आहेत, सात काळी आणि सात पांढरी. पांढऱ्यांना तोंडं नाहीत. काळ्यांनाही नाहीत म्हणा.

आमचा शब्द पुस्तकात आला. छातीत कसंतरीच झालं. अभिमान असेल. तिला म्हटलं, पाण्याचं कुठे आहे बघ. तिने बोट फिरवत बरीच पानं पाहिली. वॉटर शब्द पुष्कळ ठिकाणी होता, पण ते समुद्राचं पाणी किती खोल पाहिजे त्याबद्दल. नळाचं सापडलं नाही. लहान आहे, तिला सगळं वाचता येत नसेल.

दिलीपला बढती मिळाली. सूनबाईने पेढे आणले, पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या तिच्या मैत्रिणीकडेही पाठवले.

९ जून, मंगळवार

उकाडा. वीज सहा तास नाही. लिफ्ट बंद, त्यामुळे खाली गेलो नाही. काही घडलं नाही.

१९ जुलै, रविवार

तात्यारावचं पत्र आलं, लेकीच्या हाताने लिहिलेलं. तारीख दहा दिवसांपूर्वीची. जसं आहे तसं उतरवून ठेवतो.

"हणमंतदादास नमस्कार. टोळ्या सातच्या केल्या. गोदीत नोटीस लागली. चौदातले सात घरी. राहिलेल्या सातांना आठ तास सलग पोटात. गेल्या आठवड्यात गंधकाच्या बोटीवर विठ्ठल चक्कर येऊन पडला. वर कोणी नव्हतं. अर्ध्या तासाने समजलं. जगला आहे, पण बोलताना अडखळतो. नोटिशीत आडपाळी हा आपला शब्द छापला आहे. दिल्लीहून आला म्हणतात. टोळीचं म्हणणं, तांडेलाशिवाय हे ऑफिसात कोण नेणार. माझ्याजवळ कोणी डबा उघडत नाही. लेकीच्या साखरपुड्याला टोळीतलं एकही माणूस आलं नाही. दादा, माझा हात तूच विंचवर ठेवला होतास. मी असं करीन का? तुझं सगळे ऐकतात. एक पत्र लिही. टोळीसमोर वाचून दाखवीन."

दोनदा वाचलं. मग जेवलो. भाजी कसली होती ते आठवत नाही.

२० जुलै, सोमवार

दिलीपला पत्र दाखवलं. त्याने ते उभ्या-उभ्या वाचलं.

"आबा, तुम्ही नसतं सांगितलं तरी हे होणारच होतं. आम्ही चार बंदरांवर माणसं पाठवून वेळ मोजली होती."

"मग मला कशाला विचारलं?"

"कन्फर्म करायला."

पुढे म्हणाला, "असंच चालू राहिलं असतं तर बोटींनी तिथे येणंच बंद केलं असतं. मग चौदाही घरी. त्यापेक्षा सात तरी राहिले ना? बरोबर की नाही?"

असेलही बरोबर. मला वाद घालता येत नाही. मी म्हटलं, "विठ्ठल अर्धा तास खाली पडून होता."

त्याने पत्राची घडी करून मला परत दिलं. मग म्हणाला, "पत्रात काय लिहायचं ते लिहा, पण रिपोर्टचं नाव नको, माझं नको. कॉन्फिडेन्शियल असतं ते. माझी नोकरी जाईल, आबा." तो घाबरलेला दिसला. लहानपणी डबा सांडला की असा दिसायचा.

२ ऑगस्ट, रविवार

पत्राचे चार कागद फाडले. पहिल्यात लिहिलं, तात्याराव असं करणार नाही. मग टोळी विचारणार, मग केलं कोणी? दुसऱ्यात लिहिलं, कोणी केलं मला माहीत नाही. ते खोटं. तिसऱ्यात शब्दच आले नाहीत. चौथ्यात मी सगळं लिहिलं, दिलीपचं नावसुद्धा, आणि ते सगळ्यात आधी फाडलं. तुकडे मोरीत टाकले तर पाणी तुंबेल म्हणून खिशात ठेवले. सूनबाई धुवायला कपडे नेणार म्हणून पुन्हा काढले.

२६ ऑगस्ट, बुधवार

काल गणपती आला. घरी दीड दिवसाचा. आज विसर्जन बादलीत केलं, समोर नदी नाही. पत्र लिहिलं नाही. तात्याराव वाट बघत असेल का? की त्याने सोडून दिलं असेल? सोडून दिलं असलं तर बरं, असं मनात आलं, ते लिहून ठेवतो.

५ सप्टेंबर, शनिवार

सकाळी गुणवंत आला. कळवलं नव्हतं. भाचा म्हणजे घरचाच. आल्याआल्या वाकून पाया पडला, नेहमीसारखा. पण वाकताना खोकला आला म्हणून तसाच थोडा वेळ वाकून राहिला. डोळे लाल. सातात तो राहिला होता, पण छातीने साथ दिली नाही, म्हणून त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. वय एकेचाळीस.

सूनबाईने चहा दिला. गुणवंत म्हणाला, "वहिनी, तुमचं घर केवढं मोठं! इथे आमची अख्खी टोळी मावेल. म्हणजे आताची. पूर्वीची नाही मावायची."

दिलीपने त्याला डेपोत पहारेकऱ्याची नोकरी बघतो म्हणून सांगितलं. गुणवंतला फार बरं वाटलं. "दादा, उपकार झाले," म्हणाला. दिलीप मान खाली घालून बिस्किट बुडवत होता.

दुपारी आम्ही दोघेच होतो. तो म्हणाला, "मामा, तुम्ही तात्यारावला पत्र नाही पाठवलं. तो रोज पोस्टमनला विचारायचा. मग टोळी काय म्हणाली ठाऊक आहे? बघा, हणमंतदादालाही पटलंय. दादा गप्प बसला म्हणजे तात्यारावच."

"असं म्हणाले?"

"मीही म्हणालो. खोटं का बोलू? मामांना तात्याराव निर्दोष वाटला असता तर त्यांनी लिहिलं असतं. मी त्याच्याकडे पाठ करून जेवायचो, मामा. शेवटच्या दिवशीसुद्धा."

मी खिडकीशी गेलो. समोरच्या इमारतीला रंग लावत होते. पाळण्यात दोन माणसं लोंबकळत होती, वर गच्चीवर दोर धरून दोन. हे गेले आठ दिवस चाललंय, पण मी आजच मोजले.

गुणवंत उद्या सकाळच्या गाडीने सामान आणायला मुंबईला जाणार, मग बायको-मुलांना घेऊन परत.

६ सप्टेंबर, रविवार

पहाटे उठून पत्र लिहिलं. एकाच कागदावर, एकदाच.

"टोळीस रामराम. आडपाळी तात्यारावने ऑफिसात नेली नाही. मी नेली. विंचवर हात ठेवून शब्द दिला होता, तो मीच मोडला. कोणाला सांगितली ते विचारू नये. कोणी मागितली म्हणून नाही, मला सांगावीशी वाटली म्हणून सांगितली. तात्यारावजवळ डबा उघडावा. विठ्ठलला माझा नमस्कार सांगण्याचा मला अधिकार नाही. हणमंत."

"कोणी मागितली म्हणून नाही" हे खोटं आहे. पण एवढं दिलीपसाठी. आणि अगदीच खोटंही नाही. काड्यापेटी मीच मागवली होती.

गुणवंत आंघोळ करून तयार झाला तेव्हा कागद त्याच्या हातात दिला. म्हटलं, "जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाच. माझ्या जागी बसून."

"आता वाचू का?"

"वाच."

दारात उभा राहून त्याने वाचलं. ओठ हलत होते. मीच त्याला वाचायला शिकवलं होतं, तेव्हापासून त्याचे ओठ हलतात. वाचून झाल्यावर पुन्हा वरून सुरू केलं. मग दिलीपकडे बघितलं. दिलीप सोफ्यावर पेपर धरून बसला होता, पान उलटत नव्हता. मग भिंतीवरच्या त्याच्या बढतीच्या फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलंच नाही. कागदाची चार घड्यांची चौकोनी पुडी केली आणि आतल्या खिशात ठेवली. बटण लावलं. म्हणजे नेईल. वाचेल.

"दादा, त्या नोकरीचं राहू द्या," असं तो दिलीपला म्हणाला. साधंच बोलला, रागाने नाही. पिशवी उचलली. क्षिप्राच्या डोक्यावर हात ठेवला. सूनबाईला "येतो वहिनी" म्हणाला.

मी दाराशीच होतो. तो आता वाकेल म्हणून भिंतीला टेकून उभा राहिलो होतो आणि पाय थोडे पुढे केले होते. लिफ्ट आली. तो आत गेला, दार लागलं.

पाय मागे घेतले.